इठू राणूची नोंद

भीमराव शेलार कारकून म्हणून लागले आणि दुय्यम निबंधक म्हणून निवृत्त झाले. मधल्या चौतीस वर्षांत त्यांनी इतक्या लोकांना सरकारी शिक्क्यासमोर उभं राहून खोटं बोलताना पाहिलं, की माणूस या प्राण्याबद्दल त्यांचं मत कायमचं बिघडलं. सख्ख्या बहिणीला मयत दाखवणारे भाऊ, जिवंत बापाची सही ठोकणारे मुलगे, आजोबांचं नाव विचारलं की आधी वकिलाच्या तोंडाकडे बघणारे नातू. भीमराव चष्म्यावरून बघत, कागद पुढे सरकवत आणि मनातल्या मनात त्या माणसाला निकालात काढत.

पण त्यांना सगळ्यात जास्त तिटकारा होता जात लपवणाऱ्यांचा. शेलार हे आडनाव मराठ्यांत आहे आणि बौद्धांतही आहे. त्यामुळे पुण्यात नाव सांगितलं की समोरचा जरा थांबायचा आणि विचारायचा, "कुठले शेलार?" हा प्रश्न गावाचा नसतो, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं. भीमराव त्याला जास्त वेळ ताटकळत ठेवत नसत. "लोणी काळभोरचे. आजोबा महारवाड्यात राहायचे, वडिलांनी छप्पन साली धम्म स्वीकारला. आणखी काही?" आणखी काही कुणाला नसायचं.

मुलगा सौरभ मात्र या परीक्षेत रोज नापास व्हायचा. हडपसरच्या एका आयटी कंपनीत तो 'सौरभ बी.' या नावाने वावरत होता. आडनाव विचारलं तर सांगायचा, पण त्यापुढे एक अक्षर नाही. सातव्या मजल्यावरच्या त्याच्या फ्लॅटमध्ये बुद्धाची तसबीर आतल्या खोलीत होती, आणि बाहेरच्या खोलीत पळणाऱ्या सात घोड्यांचं चित्र. निवृत्तीनंतर राहायला आले त्या दिवशी भीमरावांनी त्या चित्रासमोर उभं राहून विचारलं होतं, "हे आपले कोण?" सौरभने त्यांची बॅग उचलून आत नेली. घोडे तिथेच राहिले.

आईवडिलांच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली म्हणून सौरभने मॉरिशसची सहल ठरवली. समुद्र बघायला इतक्या लांब जायची भीमरावांना काही हौस नव्हती. ते कबूल झाले ते एका वेगळ्याच कारणाने. त्यांच्या पणजोबांचा भाऊ इठू, लोणीहून मुंबईला गेला आणि तिथून जहाजात बसून मिरीच बेटावर ऊसमळ्यात मजुरीला गेला, तो परत आला नाही, एवढं घरात पिढ्यान् पिढ्या सांगितलं जायचं. मिरीच म्हणजे मॉरिशस. आणि तिथे उतरलेल्या प्रत्येक मजुराची नोंद अजून जपून ठेवलेली आहे, असं भीमरावांच्या वाचनात आलं होतं. कुणीतरी नोंद नीट ठेवली आहे, या एका गोष्टीसाठी ते समुद्र ओलांडायला तयार झाले.

पोर्ट लुईत हॉटेल बंदराजवळच होतं. खिडकीतून मालाच्या पेट्यांचे ढीग आणि क्रेन दिसायच्या. पहिल्या दिवशी तिघांनी धक्क्यावरच्या त्या दगडी पायऱ्या पाहिल्या, ज्यांवरून मजूर वर चढत. तिथे लोक स्वतःचे फोटो काढत होते. भीमरावांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. राधाबाईंचे गुडघे त्या पायऱ्यांनी दुखायला लागले, तेव्हापासून त्या हॉटेलातच थांबल्या.

जुनं दप्तर शहराबाहेर, चढावर एका संस्थेत होतं. दुसऱ्या दिवशी भीमराव आणि सौरभ तिथे गेले. तिथल्या बाईंनी साल विचारलं, बापाचं नाव विचारलं, जिल्हा विचारला आणि तासाभराने एक जाडजूड वही उघडून समोर ठेवली. भीमरावांनी ती वही बघितली आणि आयुष्यात क्वचितच कुणाबद्दल वाटायचा तसा आदर त्यांना त्या अज्ञात कारकुनाबद्दल वाटला. ओळी सरळ, शाई एकसारखी, खाडाखोड नाही. अठराशे पासष्ट साल. इठू, बाप राणू, वय चोवीस, गाव लोणी, जिल्हा पुणे. उजव्या कानशिलावर व्रण. सोबत एक फोटो होता. छातीशी नंबराची पाटी धरलेला हडकुळा तरुण, कॅमेऱ्याकडे बघणारा, कुणीतरी ओरडल्यासारखा ताठ.

जातीच्या रकान्यात लिहिलं होतं: मराठा.

भीमरावांचा कारकुनाबद्दलचा आदर तिथेच संपला. ही चूक आहे, ते सौरभला म्हणाले. गर्दीच्या वेळी कारकून काय करतो, हे मला कुणी शिकवायला नको. वरच्या ओळीत जे असतं तेच खाली ओढतो.

बाईंनी मग एक गोष्ट सांगितली. या इठूचं कुटुंब इथे आहे, मोठं आहे. इथल्या रिवाजाप्रमाणे पूर्वजाचं नाव तेच पुढे आडनाव झालं, म्हणून ते आज स्वतःला 'इतू' लिहितात. लोणीहून कधी कुणी आलं तर कळवा, असं त्यांनी दप्तरात सांगून ठेवलं आहे. फोन करू का? भीमराव हो म्हणाले.

सुदर्शन इतू पन्नाशीचा, भरल्या अंगाचा माणूस होता. बंदरासमोर त्याचं बांधकामाच्या सामानाचं तीन मजली दुकान होतं. त्याने रविवारी दुपारी जेवायला बोलावलं, गाडी पाठवली, दारात उभा राहिला. मराठी तो शाळेत शिकला होता आणि तसंच बोलायचा. "यावे, यावे. आपल्या पायधुळीने गृह पावन झाले." दाराशी प्लॅस्टरचे दोन हत्ती होते. आत भिंतीवर ढाल आणि दोन तलवारी. भीमरावांनी जवळ जाऊन पाहिलं, ढालीच्या कडेला कसबा पेठेतल्या दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली होती. शेजारी चौकटीत वंशवृक्ष होता, आणि त्याच्या मुळाशी सोनेरी अक्षरांत 'सरदार इठूजीराव'.

असल्या माणसाला भीमरावांनी पुण्यात पाच मिनिटांत झोपवला असता. मनात वाक्यही तयार झालं होतं. पण तेवढ्यात आतून सुदर्शनची आई आली. सत्यशीलाबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या, वाकलेल्या, आणि त्यांचं मराठी मुलासारखं पुस्तकी नव्हतं, मोडकंतोडकं होतं. त्यांनी भीमरावांचा हात धरला तो सोडलाच नाही. "लोणीचा?" त्यांनी विचारलं. मग त्यांच्या तोंडावरून, कानशिलावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "भाऊ आला." एवढंच. आणि रडायला लागल्या.

सुदर्शनने नाव विचारलं. शेलार म्हटल्यावर त्याचे डोळे मोठे झाले. सिंहगडावरच्या शेलारमामांचं घराणं का, असं त्याने विचारलं. भीमराव म्हणाले, "ते मला ठाऊक नाही." खोटं नव्हतं ते. पण ज्याला ते आयुष्यभर खोटं म्हणत आले, ते बरोबर हेच होतं.

सात प्रकारच्या भाज्या होत्या. सत्यशीलाबाई शेजारी बसून स्वतः वाढत होत्या. जेवता जेवता सुदर्शन सांगू लागला. जहाजावर सगळ्या प्रकारचे लोक होते, नाना जातींचे. पण आपल्या घराण्याने पंगत राखली. मग भीमरावांकडे बघत म्हणाला, "हलक्या जातीच्या माणसांस आमच्या ओट्यावर कधी चढू दिले नाही. आजही नाही."

सौरभने चमचा खाली ठेवला.

भीमरावांची कानशिलं तापली. शेजारी ती म्हातारी पळी घेऊन बसली होती. तिला कमी ऐकू येत होतं, ती त्यांच्याकडे बघून हसत होती. भीमरावांनी पान पुढे केलं आणि म्हणाले, "थोडी फणसाची भाजी द्या."

 हॉटेलवर राधाबाईंनी पाय चोळता चोळता विचारलं, कसे आहेत लोक? भीमराव म्हणाले, दिखाऊ. खोटी सरदारकी मिरवतात. जातीवरून बोलायला लागला तेव्हा मी त्याला तिथल्या तिथे सुनावलं. राधाबाईंनी मान हलवली. त्यांना त्यात नवल वाटलं नाही, नवऱ्याचं तोंड त्यांना माहीत होतं. सौरभ दारात उभा होता. त्याने वडिलांकडे बघितलं, मग आपल्या खोलीत गेला.

दोन दिवस भीमराव समुद्राकडे बघत बसले आणि सुदर्शनचा यथेच्छ तिरस्कार करत राहिले. ढालीवरची चिठ्ठी आठवली की त्यांना बरं वाटायचं. तिसऱ्या दिवशी ते एकटेच पुन्हा दप्तरात गेले. मुंबईहून निघताना केलेली जहाजाची यादी असेल का, असं त्यांनी बाईंना विचारलं. असते, सगळ्याच जहाजांची नाही, त्या म्हणाल्या. या जहाजाची होती.

त्या यादीत इठू राणू होता. वय चोवीस, लोणी, कानशिलावर व्रण. आणि जातीपुढे स्पष्ट लिहिलं होतं: म्हार.

भीमरावांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. मुंबईत म्हार, पोर्ट लुईत मराठा. मध्ये पाच आठवड्यांचं पाणी. कारकुनाची चूक नव्हती. धक्क्यावर उतरलेल्या इठूला दुसऱ्या कारकुनाने नव्याने विचारलं आणि इठूने नव्याने सांगितलं. मागे उभं राहून 'नाही हो साहेब' म्हणणारं तिथे कुणी नव्हतं.

त्यांना वाटलं होतं, कागद सापडला की अभिमान वाटेल. वाटली ती किळस. जात टाकायची तर टाकावी, त्यांच्या बापानेही टाकली होती, सगळ्या गावादेखत. पण ती टाकून ज्यांनी आपल्याला वेशीबाहेर ठेवलं त्यांचीच उचलायची? त्या फोटोतल्या ताठ उभ्या पोराला ते मनात म्हणाले, तू पळालास ते पळालास, जाताना त्यांचंच पागोटं घालून पळालास. आणि दीडशे वर्षांनी तुझा वंशज दारात हत्ती बांधून बसलाय.

दोन्ही कागदांच्या प्रती घेऊन ते थेट सुदर्शनच्या दुकानात गेले. तिसऱ्या मजल्यावर त्याची काचेची खोली होती, खाली बंदर, एक जहाज रिकामं होत होतं. वाटेत भीमरावांनी काय बोलायचं ते घोकलं होतं. बसायच्या आधीच ते म्हणाले, "मी बौद्ध आहे. माझे आजोबा महारवाड्यात राहायचे. हा कागद वाचा, म्हणजे तुमचे कुठे राहायचे तेही कळेल."

सुदर्शनने कागद हातात घेतला नाही. तो उठला, दार लावलं, टेबलाचा खालचा खण किल्लीने उघडला आणि एक पाकीट काढलं. त्यात तीच प्रत होती, घडीवर पिवळी पडलेली.

"अकरा वर्षे झाली," तो म्हणाला. "मीही शोधायला गेलो होतो."

त्याने सांगितलं की तेव्हा त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, वंशवृक्ष छापून झाला होता, इथल्या मराठा मंडळाचा तो खजिनदार होता. त्याने प्रत खणात ठेवली. लोणीहून कुणी आलं तर कळवा, हे त्याने त्यानंतर सांगून ठेवलं होतं. भेटीच्या ओढीने नाही, भीतीने. लोणीहून पाहुणे आले आहेत असा फोन आला तेव्हा त्याला घाम फुटला होता.

"म्हणून ते ओट्याचे वाक्य मी मुद्दाम बोललो," सुदर्शन म्हणाला. "मला पाहायचे होते. तुम्ही ताटावरून उठाल, असे वाटले. मी तयार होतो. पण तुम्ही फणसाची भाजी मागितली." त्याने पाकीट पुन्हा खणात ठेवलं. "मला इतके बरे वाटले. मी म्हणालो, हे आपल्यासारखेच आहेत."

भीमरावांना कुणीतरी थोबाडीत मारावी तसं झालं. मी तुमच्यासारखा नाही, असं ते म्हणाले. सुदर्शनने वाद घातला नाही. बरोबर आहे, तो अदबीने म्हणाला, आपणांस एकच दुपार मिळाली, मला अकरा वर्षे. मग त्याने सरबत मागवू का विचारलं. घोकलेल्या भाषणातलं एकही वाक्य भीमरावांना आठवेना. ते कागद गोळा करून जिना उतरले.

पुण्याला परत आल्यावर आठवडाभर त्यांनी तोंड उघडलं नाही. सोसायटीतले लोक सहलीबद्दल विचारत, ते "समुद्र आहे" एवढंच सांगत. राधाबाईंना वाटलं, दगदग झाली. शेवटी एका सकाळी त्या मेथी निवडत बसल्या होत्या आणि सौरभ घरूनच काम करत होता, तेव्हा भीमराव समोर येऊन बसले आणि त्यांनी सांगितलं, त्या दुपारी मी त्याला काही सुनावलं नाही. तो बोलला आणि मी जेवत राहिलो.

राधाबाईंचे हात थांबले. "याला माहीत होतं?" त्यांनी सौरभकडे बघत विचारलं.

"तिथेच होतो मी," सौरभ म्हणाला.

"आणि माझ्यापुढे दोघं गप्प." त्यांनी मेथीची जुडी उचलली आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

भीमरावांनी सौरभला विचारलं, आईला का नाही सांगितलंस? वर्षानुवर्षं मी तुला बोलतोय, तुला चांगली संधी होती. सौरभ लॅपटॉपच्या पडद्याकडेच बघत होता.

"मी चमचा ठेवून थांबलो होतो, बाबा. मला स्वतःला ते कधीच जमलं नसतं. पण तुम्ही बोलणार, याची मला खात्री होती. म्हणजे, एवढ्या वर्षांत त्या एकाच गोष्टीची खात्री होती मला."

यापेक्षा त्याने शिव्या घातल्या असत्या तर भीमरावांना सोपं गेलं असतं. ते उठून गॅलरीत गेले. त्यानंतर घोड्यांच्या चित्रावरून ते सौरभला काही बोलले नाहीत. घोड्यांबद्दल त्यांचं मत बदललं होतं अशातला भाग नाही, पण ते बोलून दाखवण्याची त्यांची लायकी उरली नव्हती, असं त्यांना वाटत होतं.

जानेवारीत सुदर्शन पुण्याला आला. परदेशस्थ मराठ्यांच्या स्वागताचा कार्यक्रम कसबा पेठेतल्या एका सभागृहात होता आणि त्याची पत्रिका त्याने भीमरावांना फोनवर पाठवली. सोबत एक ओळ, 'अवश्य यावे'. भीमराव चिडले. बोलावतोय म्हणजे मी येणार नाही याची याला खात्री आहे, ते म्हणाले. राधाबाईंनी विचारलं, मग जाणार? भीमराव म्हणाले, पहिल्या रांगेत बसणार.

रविवारी सकाळी तिघंही गेले. गाडी लांब लावून पेठेतल्या गल्ल्यांतून चालत जावं लागलं, राधाबाई दोनदा बसल्या. सभागृहाच्या दारात हिंदुराव नावाचे एक आयोजक फेटा बांधून पाहुण्यांची नावं लिहून घेत होते. नाव ऐकून त्यांनी विचारायचं ते विचारलं. भीमरावांनी सांगायचं ते सांगितलं, नेहमीपेक्षा जरा मोठ्याने. मागचे चारजण वळले. हिंदुराव म्हणाले, "वा वा, बसा ना, कुठेही बसा," आणि पेन दुसऱ्याकडे वळवलं. भीमराव पहिल्या रांगेत जाऊन बसले. शेजारी राधाबाई, आणि त्यांच्या पलीकडे सौरभ.

सुदर्शनला पगडी घातली, शाल दिली. तो भाषणाला उभा राहिला तेव्हा हातात टाइप केलेले कागद होते. त्याने सुरुवात केली आणि मान वर केली, तेव्हा त्याला भीमराव दिसले. हाताची घडी घालून बसलेले, चष्म्यावरून बघणारे. हजारो सह्या त्यांनी याच नजरेखाली करून घेतल्या होत्या.

सुदर्शन थांबला. पाणी प्यायला. मग कागदावर बोट ठेवून त्याने वाचलं, "आमचे मूळ पुरुष इठू, राणू यांचे पुत्र, मौजे लोणी." बोट पुढच्या ओळीवर गेलं. तो तिथे बराच वेळ थांबला. मग त्याने पान उलटलं आणि एकदम ऊसमळ्यांबद्दल बोलायला लागला. काही गळलंय हे कुणाच्या लक्षात आलं नाही. टाळ्या व्यवस्थित पडल्या.

कार्यक्रम संपल्यावर तो चपलांच्या गर्दीत भीमरावांना गाठायला आला. पगडी काखेत होती. सरदार शब्द वाचला नाही, तो म्हणाला. भीमराव म्हणाले, ऐकलं. मातोश्री आपली आठवण काढतात, भाऊ पुन्हा केव्हा येणार विचारतात, असं तो सांगू लागला. भीमरावांनी त्याला मध्येच तोडलं.

"त्यांना सांगितलंत?"

"नाही."

"मग आधी सांगा. त्यानंतर बोलावलं तर मी येईन. माझ्याकडूनही त्यांना सांगायचं राहिलंय."

सुदर्शनने मान खाली घातली. सांगेन असं म्हणाला नाही, नाही असंही म्हणाला नाही. भीमरावांना तो माणूस अजूनही तितकाच भिकार वाटत होता. फक्त आता तसं वाटण्यात मजा येत नव्हती.

तिथून ते घरी न जाता थेट लोणीला गेले. सभेला जाणार हे आधीच कळवल्यामुळे चुलतभाऊ बजरंग आणि चार घरं वाट बघत होती. भीमरावांनी मॉरिशसच्या सरदाराला भर सभेत कसा नागडा केला, हे ऐकायला विहारासमोर खुर्च्या टाकून मंडळी बसली होती. भीमराव बसले आणि त्यांनी सभेपासून नाही, त्या दुपारच्या जेवणापासून सुरुवात केली. काही गाळलं नाही. फणसाची भाजीसुद्धा सांगितली. राधाबाईंशी खोटं बोललो तेही सांगितलं.

 मग बजरंग म्हणाला, "लई वाईट केलंस, भीमा." त्याने समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. किटली पुढे सरकवली आणि म्हणाला, "च्या घे."

भीमरावांनी चहा घेतला. सौरभने पिशवीतून प्रती काढून सगळ्यांना बघायला दिल्या. फोटो हातोहात फिरला. पोरांनी नंबर मोठ्याने वाचला, कुणी व्रण शोधला. कागद शेवटी राधाबाईंच्या हातात आले. इतक्या महिन्यांत त्यांनी ते एकदाही बघितले नव्हते, बघायला मागितलेही नव्हते. त्यांनी चष्मा लावून एकेका रकान्यावरून बोट फिरवलं, सौरभला अर्थ विचारत. एका ठिकाणी बोट थांबलं.

"हे काय लिहिलंय?"

सौरभने वाकून बघितलं. "लग्न झालेलं आहे, असं."

"बरोबर बायको आहे का?"

"नाही. एकटाच उतरलाय."

राधाबाईंनी भीमरावांकडे बघितलं. भीमरावांनी तो कागद शंभर वेळा वाचला होता, आणि प्रत्येक वेळी त्यांचे डोळे जातीच्या रकान्यावर जाऊन थांबले होते. त्यांनी कागद मागून घेतला आणि पुन्हा वाचला. तसंच लिहिलेलं होतं, स्वच्छ अक्षरात.

"म्हणजे ती इथं होती," राधाबाई म्हणाल्या. "या गावात. तो गेला तेव्हा."

बजरंगने आपल्या आईला हाक मारली. दुर्गाबाई नव्वदीच्या, ओसरीवर गोधडीत बसलेल्या. घरात कोण कुणाची कुठल्या गावची, हे त्यांच्याइतकं कुणाला येत नव्हतं. बजरंगने त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने विचारलं, इठूची बायको कोण व्हती? म्हातारीने डोळे मिटले आणि बोटांवर मोजायला सुरुवात केली. सासूची सासू सांगितली, तिच्या जावा सांगितल्या, एक थेऊरची, एक उरुळीची, कोण बाळंतपणात गेली, कोण पटकीत. पणजोबांची बायको सांगितली, तिचं माहेरचं नावही सांगितलं. मग बोट थांबलं. पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"त्याच्या बायकूचं कुणी सांगितलंच न्हाई," ती म्हणाली. "इठू मिरीचला गेला, येवढंच सांगत्यात."

बजरंगने गावातल्या आणखी दोन म्हाताऱ्यांची नावं घेतली, त्यांना विचारून बघू म्हणाला. राधाबाई खुर्ची ओढून दुर्गाबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या आणि त्यांनी सौरभकडे वही मागितली. थेऊरची, उरुळीची, पटकीत गेलेली, सगळ्या त्यांनी एकाखाली एक लिहून काढल्या. इठूच्या नावापुढची जागा त्यांनी मोकळी सोडली.